वारसा घराचा टीडीआर विकताय? आधी पाठची बाजू बघा

आमचं वडिलोपार्जित घर दुमजली, वारसा यादीतलं. पाडायचं नाही, मजला चढवायचा नाही, आणि डागडुजीला तर पैसा नाही. अशात एक मध्यस्थ आला. म्हणाला, "काका, तुमच्या छपरावरची हवासुद्धा विकली जाते."

ते खोटं नव्हतं. जागेवर नियमाने जेवढं बांधता आलं असतं त्यातून उभं असलेलं वजा करायचं. उरलेलं चटईक्षेत्र, म्हणजे न वापरलेला बांधकामाचा हक्क, दुसऱ्या भूखंडासाठी विकता येतं. यालाच टीडीआर, हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणतात. मिळणाऱ्या पैशातून जुनी वास्तू टिकावी, हा हेतू. त्याने न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकाचा दाखलाही दिला. स्थानकाच्या डोक्यावर पन्नासहून जास्त मजल्यांचा मनोरा बांधायला परवानगी नाकारली, मालक कंपनी कोर्टात गेली आणि १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टात हरली. न वापरलेले हक्क जवळपासच्या जागांवर नेता येतात, हेही कोर्टाने तेव्हा विचारात घेतलं होतं. नंतर मी तपासलं, सगळं खरं निघालं. भामट्याने खरं बोलावं तरी किती!

ठरलं असं की निम्मे हक्क विकायचे, निम्मे ठेवायचे. सह्यांच्या दिवशी त्याने कागदांची चळत पुढे ठेवली. जिथे सही हवी तिथे पेन्सिलीने फुल्या. आम्ही फुल्या शोधत सह्या करत गेलो. त्यातच एक कुलमुखत्यारपत्र होतं, आणि त्यात 'पूर्णतः अथवा अंशतः' हे तीन शब्द. म्हणजे सगळेच हक्क विकायची त्याला मुभा.

निम्म्याचे पैसे आले. विकास हक्क प्रमाणपत्राची झेरॉक्सही आली, शिक्क्यासकट. फक्त पुढच्या बाजूची. हक्क वापरले की त्याची नोंद पाठीमागे होते, हे आम्हाला कुठे ठाऊक! दोन वर्षांनी उरलेले विकायला गेलो तेव्हा कारकुनाने रजिस्टर उघडून बोट ठेवलं. चार नोंदी. शेवटच्या रकान्यात 'शिल्लक: शून्य'. ते क्षेत्र परत येणार कुठून? त्यावर इमारती उठल्या, माणसं राहायलाही आली.

भावातही मारलंच. तेच क्षेत्र स्वस्त भागात वापरलं तर वेगळी किंमत, महागड्या भागात वेगळी. आम्हाला स्वस्तातला भाव सांगितला. गेलं कुठे, ते विचारायचं सुचलं नाही.

तुमच्यावर ही वेळ आली तर मूळ प्रमाणपत्र हातातून सोडू नका. मुखत्यारपत्र द्यावंच लागलं तर ते त्या एकाच व्यवहारापुरतं द्या, क्षेत्र अंकात आणि अक्षरात लिहून. शिल्लक किती, हे प्रमाणपत्र देणाऱ्या कार्यालयात स्वतः जाऊन बघा. मध्यस्थाच्या मोबाइलवरचा फोटो बघून समाधान मानू नका. डागडुजीची रक्कम पहिल्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका. आमची घरखर्चातच विरली, तो दोष मध्यस्थाचा नाही.

तक्रार दिली आहे. त्याचा फोन बंद आहे. वास्तू जपण्याच्या हमीपत्रावर मात्र सही आमची, त्यामुळे नोटीस आमच्याच नावाने येते. गॅलरीच्या तुळईखाली सध्या दोन टेकू लावलेत.