बुडापेस्टमधली एकच संध्याकाळ: सेचेनी, रुदाश की लुकाच?

युरोपात राहणारी किंवा फिरायला आलेली ओळखीतली मंडळी बुडापेस्टला निघाली की मला हमखास फोन येतो. दोन रात्रींचा मुक्काम, दिवसभर किल्ला, संसद, पूल बघायचे, आणि एक संध्याकाळ बाथमध्ये, म्हणजे जमिनीतून येणाऱ्या गरम पाण्याच्या सार्वजनिक स्नानगृहात, डुंबायला ठेवलेली. "कुठलं बाथ घेऊ?" मी उलट विचारते, "कोणत्या महिन्यात जाताय आणि संध्याकाळ कोणत्या वाराची आहे?" कारण खरा निर्णय या दोन गोष्टींवर ठरतो. बाथ कुठलं सुंदर, हा प्रश्न नंतरचा.

मी जर्मनीतून तीनदा गेले. एकदा डिसेंबरात नवऱ्याबरोबर, एकदा जूनमध्ये मैत्रिणींबरोबर आणि एकदा मार्चमध्ये आई-बाबांना घेऊन. तिन्ही वेळा उत्तर वेगळं निघालं, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी एक नाव यादीतून काढून टाका. जुन्या प्रवासवर्णनांत आणि फोटोंत सगळ्यात जास्त दिसणारं गेलेर्ट बाथ 1 ऑक्टोबर 2025 पासून नूतनीकरणासाठी बंद आहे आणि ते 2028 मध्ये उघडायचं ठरलंय. म्हणजे पर्यटकाच्या एका संध्याकाळीसाठी उरतात मुख्यतः तीन: पेस्टच्या बाजूला सेचेनी, बुडाच्या बाजूला रुदाश आणि लुकाच.

पेस्ट आणि बुडा हा फरक नुसता नदीच्या दोन काठांचा नाही. बुडाच्या चुनखडीच्या टेकड्यांवर पडलेला पाऊस जमिनीत खोल मुरतो, तिथे तापतो आणि डॅन्यूब नदीच्या काठच्या भेगांतून आपोआप वर येतो. आपल्याकडे वज्रेश्वरी-गणेशपुरीला किंवा कोकणातल्या उन्हवऱ्याला जमिनीतल्या भेगांतून ऊन पाणी वर येतं, तसाच हा प्रकार, ज्वालामुखी वगैरे काही नाही. बुडाचं पाणी असं हाताशी होतं, म्हणून ऑटोमन तुर्कांनी सोळाव्या शतकात तिथेच हमाम, म्हणजे तुर्की पद्धतीची स्नानगृहं, बांधले. पेस्टच्या सपाटीवर मात्र पाण्यासाठी खणावं लागलं. विल्मोश झिग्मोंडी या खाण-अभियंत्याने शहराच्या मोठ्या बागेत खोदलेली विहीर 1878 मध्ये 970 मीटर खोलीवर पूर्ण झाली आणि 74 अंशांचं पाणी वर आलं. त्याच पाण्याच्या जोरावर 1913 मध्ये सेचेनी उभं राहिलं. म्हणून एकीकडे दगडी घुमटाखालचं अंधारं कुंड, आणि दुसरीकडे राजवाड्यासारखी पिवळी इमारत नि तिच्या मधल्या चौकात उघड्यावरचे भले मोठे तलाव.

आता महिना. सेचेनी रात्री आठला बंद होतं. डिसेंबरात बुडापेस्टला चारच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनच्या शेवटी पावणेनऊला. हे गणित आम्ही जूनमध्ये केलं नव्हतं. दिव्यांनी उजळलेल्या पिवळ्या भिंती आणि काळं आकाश डोळ्यांपुढे ठेवून आम्ही मैत्रिणी बुधवारी सहाला पोचलो आणि आठ वाजता बाहेर पडलो तेव्हा लख्ख ऊन होतं. पाणी छान होतं, पण ज्यासाठी संध्याकाळ राखून ठेवली ते दिसलंच नाही. म्हणून माझं ठाम मत असं: सेचेनीची संध्याकाळ ऑक्टोबरच्या शेवटापासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत, म्हणजे तिथली घड्याळं एक तास पुढे जाईपर्यंतच. बाकीच्या महिन्यांत सेचेनीला जायचं तर सकाळी उघडताच जा, तेव्हा गर्दीही कमी असते.

पण थंडीत असाल तर दुसरा विचारच नको. डिसेंबरातली ती संध्याकाळ मला अजून जशीच्या तशी आठवते. कपडे बदलून काचेच्या दारापाशी आलो तेव्हा बाहेर शून्याखाली तापमान. दार ढकललं की दहा-बारा पावलं ओल्या, गार फरशीवरून चालत जायचं. तेवढ्यात पायाचे तळवे सुन्न होतात, श्वास घशात अडकतो, आणि मग एकदम 38 अंशांचं पाणी खांद्यापर्यंत. वाफ इतकी दाट की समोरचा काठ दिसत नव्हता, नुसती डोकी तरंगताना दिसत होती. काठाजवळ दोन आजोबा छातीभर पाण्यात उभे राहून बुद्धिबळ खेळत होते. सोंगट्या हलवताना त्यांचे दंड तेवढे पाण्याबाहेर यायचे आणि त्यांतून वाफ निघायची. माझ्या कपाळावरच्या ओल्या बटा कडक झाल्या होत्या. नवरा एरवी पंधरा मिनिटांत कंटाळतो, तो दीड तास बाहेर यायला तयार नव्हता. दुसऱ्या मोठ्या तलावात एक गोल वाट आहे, तिथे पाण्याचा झोत माणसाला आपोआप गरागरा फिरवतो. अनोळखी लोक एकमेकांवर आदळतात आणि हसतात. तिथे कोणीही लहान होतं.

सेचेनीचं वाईट म्हणजे गर्दी. शनिवारी संध्याकाळी कपडे बदलण्याच्या खोल्यांत पाय ठेवायला जागा नसते, आणि आतल्या छोट्या कुंडांत लोक खांद्याला खांदा लावून बसलेले असतात. सोमवार ते गुरुवार असेल तर चारला पोचा. सहानंतर जाऊ नका, कारण बंद होण्याच्या आधीच बाहेर काढायला सुरुवात होते आणि केस वाळवायलाही वेळ उरत नाही. शनिवारी रात्री उशिरा तिथे संगीत आणि दारूची पार्टी असते, तिचं तिकीट वेगळं आणि प्रवेश अठरा वर्षांवरच्यांना. तिचा गरम पाण्याच्या शांततेशी काही संबंध नाही, एवढं कळून तिकीट घ्या.

पोचायला सेचेनी सगळ्यात सोपं. गावाच्या मध्यातून मेट्रोची पहिली पिवळी लाइन थेट बाथच्या दारात सोडते, आणि 1896 मध्ये सुरू झालेल्या या छोट्याशा मेट्रोतून जाणं हाच एक अनुभव आहे.

रुदाश वेगळ्याच माणसासाठी आहे. गेलेर्ट टेकडीच्या पायथ्याशी, एर्झेबेट पुलाला लागून, बाहेरून अगदी साधी इमारत. आत सोळाव्या शतकातला, बुडाचा ऑटोमन सुभेदार सोकोल्लू मुस्तफा पाशा याने बांधवलेला हमाम. आठ जाड खांबांवर घुमट, त्याखाली अष्टकोनी कुंड 36 अंशांचं, आणि चार कोपऱ्यांत चार लहान कुंडं: 28, 30, 33 आणि 42 अंशांची. घुमटात बारीक रंगीत काचा बसवल्यात. दिवसा त्यांतून उन्हाच्या लाल-हिरव्या तिरिपी वाफेत उतरतात. माझे बाबा 28 आणि 42 अंशांच्या कुंडांत आळीपाळीने जात राहिले आणि म्हणाले, "गणेशपुरीला आम्ही लहानपणी हेच करायचो, फक्त तिथे थंड पाणी नदीचं असायचं."

पण संध्याकाळी या तिरिपी नसतात. अंधार पडला की घुमट काळोखा होतो आणि खालचे मंद दिवे तेवढे उरतात. त्यालाही एक सुख आहे, आवाज खाली येतात, लोक कुजबुजतात. तरी पहिल्यांदा जाणाऱ्याने घुमट उजेडात बघावाच. म्हणून रुदाशला मावळतीच्या दोन तास आधी जायचं. आधी घुमटाखाली बसायचं, आणि उजेड कमी होऊ लागला की गच्चीवर. गच्चीवर 2014 पासून एक लहान गोल कुंड आहे, उघड्यावर, गरम पाण्याचं. तिथून डॅन्यूब, पांढरा एर्झेबेट पूल आणि पलीकडे पेस्टचे दिवे एकेक करून लागताना दिसतात. आई काठाला हनुवटी टेकून अर्धा तास तशीच बसली होती. कुंड लहान असल्यामुळे काठाची जागा मिळायला थांबावं लागतं, पण थांबावं.

आणि इथे वार आडवा येतो. रुदाशच्या तुर्की भागात कामाच्या दिवशी पुरुषांच्या आणि बायकांच्या वेळा वेगळ्या असतात. मंगळवार बायकांचा, शनिवार-रविवार सगळ्यांसाठी, आणि मधल्या वारांचं वेळापत्रक निघण्याआधी बघायलाच हवं. गच्ची आणि पोहण्याच्या तलावाचा भाग मात्र रोज सगळ्यांना खुला. म्हणजे जोडीने मंगळवारी गेलात तर नवऱ्याला घुमट दिसणार नाही. याउलट बायकांचाच गट असेल तर मंगळवारसारखा दिवस नाही. आपल्यातल्या कितीतरी जणींना पोहण्याच्या पोशाखात चारचौघांत वावरायला अवघडल्यासारखं होतं, आणि त्यापायी त्या काठावर पर्स सांभाळत बसून राहतात. मंगळवारी रुदाशमध्ये ऐंशीच्या आज्या, शाळकरी मुलींच्या आया, सगळ्या वयाच्या, सगळ्या अंगाच्या बायका इतक्या निवांत बसलेल्या असतात की दहा मिनिटांत आपला संकोच जातो. जूनमध्ये माझ्या एका मैत्रिणीचं तसंच झालं.

उन्हाळ्यात जाणाऱ्यांसाठी रुदाशचा आणखी एक मोठा फायदा: शुक्रवारी आणि शनिवारी रात्री दहाला ते पुन्हा उघडतं आणि मध्यरात्र उलटून जाईपर्यंत चालू असतं. जून-जुलैमध्ये काळोखात, तारे दिसताना गरम पाण्यात बसायचं असेल तर मला माहीत असलेला हाच रस्ता. तिकीट नेहमीपेक्षा महाग, गर्दी बरीच, तरी मी हेच सुचवेन.

लुकाचबद्दल थोडक्यात. मार्गारेट पुलाच्या जवळ, बुडाच्याच बाजूला. दिसायला भपका नाही, संध्याकाळी लवकर आटोपतं, आणि फोटो काढायला आलेल्यांपेक्षा गुडघेदुखीवर इलाज म्हणून आलेले तिथलेच लोक जास्त. अंगणातल्या भिंतीवर बरं वाटलेल्या लोकांनी लावलेल्या संगमरवरी पाट्या आहेत, वेगवेगळ्या भाषांत "धन्यवाद" म्हणणाऱ्या. आपल्याकडे नवस फेडल्यावर देवळात घंटा बांधतात, त्या घंटांची मला आठवण झाली. बुडापेस्ट कार्ड हा पर्यटकांसाठीचा पास घेणार असाल तर लुकाचचा एक प्रवेश त्यात येतो, त्यामुळे खिशाला हलकं. सोबत वयस्कर माणसं असतील, गर्दी नको असेल आणि चार-साडेचारला जाणं जमत असेल तर इथे जा. मात्र बुडापेस्टची एकुलती एक संध्याकाळ असेल तर मी ती इथे घालवणार नाही. इथे दुसऱ्या दिवशी सकाळी जावं.

लुकाचच्या शेजारीच वेली बेय हा आणखी एक तुर्की हमाम आहे. लहान, शांत, दुपारी बंद ठेवून पुन्हा उघडणारा. सेचेनी आणि रुदाश दोन्ही आधी बघून झालेल्यांनी तो बघावा.

पैशांचं म्हणाल तर सेचेनी आणि रुदाश दोन्हीकडे माणशी दहा हजार फोरिंटच्या पुढेच धरा, म्हणजे अडीच हजार रुपयांहून जास्त. शनिवार-रविवारी आणखी चढं. लुकाच त्यामानाने बरंच स्वस्त. तिकीट बाथच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून काढा. जूनमध्ये आम्ही एका भलत्याच साइटवरून "रांग टाळा" म्हणून तिकिटं घेतली, जादा पैसे मोजले, आणि रांग तीच होती. मुलं बरोबर असतील तर वयाची अट तिकिटाआधी वाचा. गरम कुंडं चौदा वर्षांखालच्यांसाठी योग्य मानत नाहीत, आणि असा नियम दारात कळला तर सगळी संध्याकाळ जाते.

टॉवेल, रबरी चपला आणि पिण्याच्या पाण्याची बाटली हॉटेलातूनच घेऊन निघा. पोहण्याच्या तलावात टोपी लागते, गरम कुंडांत लागत नाही. सुती टी-शर्ट घालून उतरायचा विचार करू नका; आईला पोहण्याच्या कापडाचा, बाह्या आणि गुडघे झाकणारा पोशाख पुण्यातूनच आणायला सांगितला होता, तो घालून ती बिनधास्त वावरली. एका वेळी वीस मिनिटं पाण्यात, मग बाहेर येऊन बसायचं, पाणी प्यायचं, पुन्हा उतरायचं. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि 42 अंशांच्या कुंडाकडे फिरकू नका. बाबांना बीपी नाही, तरी दुसऱ्या फेरीनंतर त्यांना मी हात धरून वर काढलं, कारण उठताना त्यांना किंचित गरगरलं.

चांदीचं काही अंगावर असेल तर लॉकरमध्ये ठेवा. या पाण्याला गंधकाचा वास असतो आणि चांदी काळवंडते. आईची जोडवी निघत नव्हती, तशीच ती उतरली. रात्री हॉटेलच्या बेसिनपाशी उभी राहून ती टूथपेस्टने घासत होती आणि विचारत होती, उद्या सकाळी परत किती वाजता उघडतं ते.