एक टोकन की दोन? घर घेताना किती दारांशी बोलणी ठेवावीत

शनिवारी कर्वेनगरचा टू बीएचके पाहिला, रविवारी वारज्याचा. दोन्ही आवडले. पहिल्याला लिफ्ट नाही, पण शाळा चालत पाच मिनिटांवर. दुसऱ्याला लिफ्ट, बंद पार्किंग आणि रात्रभर हायवेचा आवाज. सोमवारी सकाळी एजंटचा फोन आला, "मॅडम, दुसरी पार्टी संध्याकाळी बैठकीला येतेय, घ्यायचं असेल तर टोकन टाकून मोकळ्या व्हा." दुपारी दुसऱ्या एजंटचा फोन. तेच वाक्य, फक्त 'मॅडम'च्या जागी 'ताई'.

पुण्यात रीसेलचा फ्लॅट शोधणाऱ्या बहुतेकांच्या नशिबात असा एक सोमवार असतो. तेव्हा तीन वाटा दिसतात. एकाच घराला धरून बसायचं, दोन-तीन घरांची बोलणी चालू ठेवून टोकन एकालाच द्यायचं, किंवा दोन्हीकडे टोकन देऊन ठेवायचं. आम्ही तिसरी वाट धरली होती. त्याचं काय झालं ते पुढे सांगते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. आपल्याकडे 'ऑफर' हा शब्द फार सैल वापरला जातो. मालकाच्या सोफ्यावर बसून "आमचं ७८ पर्यंत जमेल" म्हणणं हीही ऑफर, आणि ५१,००० चा चेक देऊन पावती घेणं हीही ऑफरच. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे समोरच्याने स्वीकारेपर्यंत प्रस्ताव मागे घेता येतो, त्यामुळे नुसत्या बोलण्याने तुम्ही अडकत नाही. टोकन, म्हणजे आपला जुना विसार, दिलं की पैसा अडकतो. साठेखत (विक्रीचा लेखी करार) झालं की तुम्ही स्वतःच अडकता, कारण महाराष्ट्रात फ्लॅटच्या साठेखतावरच पूर्ण मुद्रांक शुल्क भरायची रीत आहे. पुण्यात ते ७ टक्के, फक्त बाईच्या नावावर घर असेल तर ६. (नवऱ्याचं नाव जोडलं की तो एक टक्का गेला. आमच्या घरात यावर दोन संध्याकाळी वाद झाला.) तेव्हा 'एका वेळी दोन घरं' हा प्रश्न साठेखताच्या आधीच्या तीन-चार आठवड्यांपुरताच आहे.

एक सावधगिरी इथेच सांगते. बैठक संपल्यावर एजंट व्हॉट्सअॅपवर "८० डन?" असं विचारतो आणि आपण अंगठा पाठवतो. पाठवू नका. "विचार करून उद्या सांगते" एवढंच लिहा.

एकच घर धरून बसणं

ही सगळ्यात शांत वाट. वकील एक, बँकेचं प्रकरण एक, डोकेदुखी एक. घर खरंच वेगळं असेल, म्हणजे आईवडिलांच्या बिल्डिंगमध्येच किंवा ज्या शाळेसाठी आटापिटा चाललाय तिच्या गल्लीत, तर दुसरीकडे बघण्यात अर्थ नसतो.

पण भाव करताना तुमचे हात रिकामे असतात, आणि ते मालकाला दिसतं. दुसरा तोटा याहून मोठा. व्यवहार बहुतेकदा भावावरून मोडत नाही, कागदावरून मोडतो. बँकेचा व्हॅल्युअर येऊन किंमत कमी लावतो. सोसायटीकडे भोगवटा पत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा पालिकेचा दाखला) नसतं. मालकाकडे आधीच्या खरेदीचा मूळ करारनामा सापडत नाही. फ्लॅट समोर बसलेल्या मालक-काकांच्याच नावावर आहे असं समजून आपण बोलत राहतो आणि इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा) काढल्यावर कळतं की अमेरिकेतला मुलगाही सहमालक आहे. मग पॉवर ऑफ अॅटर्नी आली. शिवाय मालक अनिवासी असेल तर टीडीएसचं, म्हणजे पैसे देतानाच कापायच्या आयकराचं, गणितच बदलतं. इथल्या मालकाला ५० लाख किंवा त्याहून जास्त द्यायचे असतील तर खरेदीदाराने १ टक्का कापायचा असतो. अनिवासीच्या वाट्याला ती मर्यादा लागू नाही आणि दरही बराच चढा असतो. हे सगळं तिसऱ्या आठवड्यात कळलं आणि हाताशी दुसरं घर नसलं, तर पुन्हा पहिल्यापासून शनिवार-रविवार फिरणं.

बोलणी दोन-तीन दारांशी, पैसा एका दाराशी

मला विचाराल तर शंभरातल्या नव्वद घरांनी हेच करावं. मालक तरी काय करतो? तोही तीन पार्ट्या फिरवत असतो आणि त्याला कोणी दुतोंडी म्हणत नाही. दोन जागा समोर असल्या की "वारज्याला याच भावात पार्किंग मिळतंय" हे वाक्य खरं असतं, आणि खरं वाक्य बोलताना आवाज वेगळा लागतो.

मात्र दोन घरं शेजारी ठेवताना सांगितलेला भाव शेजारी ठेवू नका. खिशातून शेवटी किती जाणार ते ठेवा. ८० लाखांचा रीसेल फ्लॅट घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांच्या वर ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच पैसे मिळतात, म्हणजे जास्तीत जास्त ६४ लाख. आपले १६. मुद्रांक शुल्क ५ लाख ६० हजार, तेही कर्जाच्या हिशेबात धरत नाहीत. नोंदणी फी ३०,०००. सोसायटीची हस्तांतर फी जास्तीत जास्त २५,०००. एजंटचा एक टक्का धरला तर ८०,०००. स्वतःचे २३ लाख तयार हवेत. आता वारज्याचा फ्लॅट ८२ ला असेल, पण मालक थेट भेटला आणि मध्ये एजंट नसला, तर कर्वेनगरशी असलेला दोन लाखांचा फरक साधारण १ लाख ३४ हजारांवर येतो. आम्ही हे पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर मांडलं, पण उशिरा; ते आधीच मांडायला हवं होतं.

या वाटेचा खर्च म्हणजे दमछाक. दोन फायली, दोन एजंट, आणि कुणाला काय बोललो ते लक्षात ठेवणं. तीनच्या वर घरं गेली की मी तरी गोंधळले असते. बँकेचं मात्र एकच ठेवा. घर ठरायच्या आधी उत्पन्नावर मंजुरीपत्र घेऊन ठेवता येतं, तेच कुठल्याही घराला वापरा. दोन घरांसाठी दोन-तीन बँकांत अर्ज टाकले की प्रत्येक चौकशीची नोंद सिबिलला, म्हणजे आपल्या कर्जाच्या इतिहासात, होते.

दोन्हीकडे टोकन

आमची गोष्ट. कर्वेनगरच्या काकांना ५१,००० चा चेक दिला. काकूंनी चहा दिला, काकांनी फुलस्केप कागदावर स्वतःच्या अक्षरात पावती लिहिली, 'सदर रक्कम व्यवहारापोटी मिळाली', आणि खाली तारीख. वकिलाने फाईल पाहिली आणि सांगितलं की १९९६ चा पहिला करारनामा गहाळ आहे, पेपरात जाहीर नोटीस द्यावी लागेल, पंधरा दिवस थांबा. आम्ही घाबरलो. त्याच आठवड्यात वारज्याला दुसरे ५१,००० दिले. विमा काढल्यासारखं वाटलं.

पंधरा दिवसांत कुणाची हरकत आली नाही. कर्वेनगरची फाईल साफ झाली. वारज्याच्या मालकांना फोन केला तर ते शांतपणे म्हणाले, "ताई, तुमच्यामुळे मी दोन पार्ट्या परत पाठवल्या. टोकन परत मिळत नाही, सगळ्यांना माहीत असतं." पावतीवर परतफेडीचं अक्षरही नव्हतं. भांडायला जागा होती, कोर्टात जाण्याइतकी नव्हती. पैसे गेले.

दुसरी गोष्ट पैशांची नाही. एका भागातले एजंट एकमेकांना ओळखतात, त्यांचे ग्रुप असतात. साठेखताच्या आधी काकांकडे शेवटच्या बोलणीला गेलो तेव्हा काकूंनी बशीत दोन चकल्या ठेवल्या आणि काकांनी चष्मा पुसत विचारलं, "मग वारज्याचं काय केलंत?" त्या दिवशी भावात पन्नास हजार कमी करून मागायचं ठरवून गेलो होतो. तोंडातून शब्द निघाला नाही.

तरीही दोन टोकन कायम चूकच, असं म्हणणार नाही. पहिल्या फाईलमध्ये भोक आहे हे कळलेलं असेल आणि दुसऱ्या मालकाला तुम्ही ते स्पष्ट सांगून तो लेखी परतफेडीला तयार असेल, तर द्या. लपवून देऊ नका, इतकंच.

पावतीवर काय असावं

टोकन एक असो वा दोन, सगळा फरक या कागदाने पडतो, आणि तो कुणीही दहा मिनिटांत लिहू शकतं. पुढे भावाला फ्लॅट घ्यायचा होता तेव्हा आम्ही असं लिहून घेतलं: 'वरील रक्कम विसार म्हणून मिळाली. मालकी हक्क निर्वेध नसल्याचे खरेदीदाराच्या वकिलाने लेखी कळवल्यास, अथवा या सदनिकेवर बँकेने कर्ज नाकारल्यास, अथवा सोसायटीचा ना-हरकत दाखला २१ दिवसांत न मिळाल्यास, संपूर्ण रक्कम ७ दिवसांत त्याच खात्यात परत करीन. या २१ दिवसांत सदनिका इतर कोणास विकणार नाही.' खाली सगळ्या सहमालकांच्या सह्या, फक्त बोलणी करणाऱ्याची नाही. चेक मालकाच्या नावाने, अकाउंट पेयी. एजंटच्या नावाने कधीच नाही. रोखीचा आग्रह झाला तर सरळ सांगा की घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त विसार रोखीने घेता येत नाही आणि दंड घेणाऱ्यालाच होतो, तोही तेवढ्याच रकमेचा. हे ऐकलं की चेकबुक सापडतं.

ज्या मालकाने अशा पावतीला नकार दिला, त्याच्याशी बोलणी चालू ठेवायला हरकत नाही. पैसे मात्र दुसऱ्या दाराला द्या.

बिल्डरकडे हिशेब वेगळा

नवं बुकिंग आणि रीसेल अशा दोन जागांत अडकला असाल तर वरचं सगळं तसंच लागू होत नाही. रेरा या बांधकाम प्रकल्पांवरच्या कायद्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. महारेराच्या (राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या) वाटपपत्राच्या नमुन्यात बुकिंग रद्द केल्यावर किती कापायचं तेही दिलंय: १५ दिवसांच्या आत काही नाही, १६ ते ३० दिवसांत किमतीच्या १ टक्का, ६० दिवसांपर्यंत दीड, त्यापुढे २ टक्के. ८० लाखांवर चाळिसाव्या दिवशी मागे फिरलात तर १ लाख २० हजार. म्हणजे दोन प्रकल्पांत नाव घालून पंधरा दिवस विचार करणं इथे रीसेलपेक्षा स्वस्त पडतं. पण सेल्सवाला जो बुकिंग फॉर्म पुढे सरकवतो त्यात हेच आकडे आहेत का, ते सही करायच्या आधी वाचा. आणि ज्या प्रकल्पाला महारेरा क्रमांकच मिळालेला नाही तिथे 'इंटरेस्ट दाखवायला' म्हणून चेक देऊ नका. नोंदणीच्या आधी बुकिंग घ्यायची कायद्यात मुभाच नाही.

भाव शेजारी ठेवताना बांधकाम चालू असलेल्या घरावरचा ५ टक्के जीएसटी विसरू नका. ८० लाखांवर ४ लाख झाले. परवडणाऱ्या घरांना १ टक्का, रीसेलला काहीच नाही.

पितृपक्षाबद्दल

याचा कायद्याशी संबंध नाही, पण पुण्यात उपयोगाचं आहे. त्या पंधरवड्यात टोकन द्यायला पार्ट्या येत नाहीत, बैठकाही थंडावतात. नेमकं तेव्हा मालकाशी भावाचं बोलून घ्यावं आणि चेक घटस्थापनेला द्यावा. "दुसरी पार्टी संध्याकाळी येतेय" हे वाक्य त्या दिवसांत कोणी बोलत नाही. दसरा जवळ आला की दोन घरांत झुलणाऱ्याला कोणी थांबू देत नाही, एजंट तर मुळीच नाही.

दुसऱ्या घराला नकार कसा कळवायचा, हे मला त्या ५१,००० नंतर कळलं. भावाच्या वेळी धायरीच्या मालकीणबाईंना मीच फोन केला. "काकू, आमचं आनंदनगरला ठरलं, तुम्ही दुसऱ्यांना हो म्हणा." त्यांनी विचारलं, "कितीला ठरलं?" मी सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता, मग त्या म्हणाल्या, "अगं, एवढ्यात तर मीही दिला असता." भाऊ शेजारीच बसला होता. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते सांगत नाही.