डीएसआरसी की सी-व्ही२एक्स: गाडीत कोणता रेडिओ बसवायचा?

परदेशी क्लायंटसाठी ऑनबोर्ड युनिट (गाडीत बसणारं रेडिओ-उपकरण) बनवणाऱ्या पुण्यातल्या टीमपुढे हा प्रश्न येतोच. दोन्ही गाड्यांना एकमेकींशी थेट बोलू देणारे रेडिओ: डीएसआरसी वाय-फायमधून आलेलं, सी-व्ही२एक्स मोबाइलच्या तंत्रज्ञानातून. माझं मत आधीच सांगतो: गाडी कुठे विकली जाणार ते विचारा, तंत्रज्ञानावर वाद नंतर घाला.

काम दोघांचंही तेच. टॉवरच्या मदतीशिवाय प्रत्येक गाडी आपली जागा, वेग, दिशा आणि ब्रेकची स्थिती सेकंदाला १० वेळांपर्यंत आसपासच्या गाड्यांना कळवते. ट्रकच्या पलीकडे कुणी करकचून ब्रेक मारला, तर कॅमेऱ्याला दिसण्याआधी तुमच्या गाडीला कळतं. (सी-व्ही२एक्सला सिमकार्ड लागतंच, हा गैरसमज. त्याची पीसी५ जोडणी नेटवर्कशिवाय चालते.)

खरा फरक कोणी कधी बोलायचं हे ठरवण्यात आहे. डीएसआरसी, म्हणजे ८०२.११पी, वाय-फायच्या घराण्यातलं: आधी ऐकायचं, चॅनल मोकळं असेल तर बोलायचं. गर्दीत थांबणं वाढतं, आणि एकमेकींपर्यंत न पोहोचणाऱ्या दोन गाड्या तिसरीशी एकदमच बोलून गोंधळ घालतात. एलटीईवरचं (मोबाइलच्या ४जीवरचं) सी-व्ही२एक्स पुढच्या अनेक संदेशांची जागा आधीच धरून ठेवतं, रेल्वेच्या आरक्षणासारखी. पण दोन गाड्यांनी एकच जागा धरली, तर सलग कित्येक संदेश वाया जातात. स्वतः बोलताना ऐकू येत नसल्यामुळे दोघींनाही पत्ता नसतो. शिवाय सगळ्यांची घड्याळं जुळलेली लागतात, तीही सहसा उपग्रहाच्या वेळेवर. लांब बोगद्यात चाचणी घेतल्याशिवाय होकार देऊ नका. दुबळ्या सिग्नलवर मात्र सी-व्ही२एक्स सरस: एन्कोडिंग भक्कम, आणि संदेश दुसऱ्यांदा पाठवायची सोय.

आता बाजार. अमेरिकेने १९९९ मध्ये ५.९ गिगाहर्ट्झमधला ७५ मेगाहर्ट्झचा पट्टा या कामासाठी राखला. वीस वर्षांत गाड्या आल्या त्या नावापुरत्या. २०२० मध्ये एफसीसीने (तिथल्या दूरसंचार नियामकाने) त्यातले ४५ मेगाहर्ट्झ वाय-फायकडे वळवले आणि उरलेले ३० सी-व्ही२एक्सला दिले. तिथे डीएसआरसीचा विषय संपला. चीनही सी-व्ही२एक्सवालाच. युरोपात उलट: फोक्सवॅगनने २०१९ च्या आठव्या गोल्फपासून ११पी बसवलं, आणि या दोन रेडिओंना एकमेकांचं बोलणं कळत नाही. त्या गाड्यांचे इशारे हवे असतील तर ११पीच. जपान ७६० मेगाहर्ट्झवर, त्याचा हिशेब वेगळा.

संदेशांचं स्वरूप आणि सुरक्षा प्रमाणपत्रं रेडिओच्या वरच्या थरात राहतात. तो कोड सुटा ठेवला, तर रेडिओ बदलला तरी वाया जात नाही. पुढच्या पिढीत ११बीडी, म्हणजे ११पीची नवी आवृत्ती, जुन्या ११पीशी बोलू शकतं. ५जीवरचं सी-व्ही२एक्स (एनआर) एलटीईवाल्याशी बोलत नाही, तिथे गाडीत दोन्ही ठेवावे लागतात. कोटेशन देताना ही किंमत आत्ताच धरा.