घडीची इलेक्ट्रिक व्हीलचेअर घेऊन परदेशी विमानप्रवास : काही महिन्यांच्या वापरानंतर

घडी होणारी ही व्हीलचेअर मी घेतली ती परदेशप्रवासासाठीच. आता ठामपणे सांगते, विमानाने जायचं असेल तर वेग, गादी, मोटरची ताकद नंतर बघा. आधी बॅटरीवरचं लेबल वाचा.

माझ्या बॅटरीवर २४ व्होल्ट, १० अँपिअर-अवर लिहिलंय. गुणाकार केला की २४० वॉट-अवर. काढता येणाऱ्या लिथियम बॅटरीला ३०० ची मर्यादा आहे आणि ती काढून केबिनमध्येच न्यावी लागते. २० अँपिअर-अवरची बॅटरी लांब पळते खरी, पण ती ४८० भरते. विक्रेते हे आपणहून सांगत नाहीत. यूएन ३८.३ या चाचणीचा (लिथियम बॅटरी वाहतुकीला सुरक्षित आहे का ते तपासणारी) कागद मात्र मागूनच घ्या, काउंटरवर तोच कामी येतो.

युरोपच्या नियमात ४८ तास आधी कळवायला सांगितलंय, मी सगळीकडे तेच पाळते. वजन आणि घडीची मापंही तेव्हाच देते.

विमानाच्या दाराशी बॅटरी काढायची, टोकांना टेप लावायचा, जॉयस्टिक सोडवून गादीसोबत पिशवीत टाकायची. चेअर कुठे धरून उचलायची, मोटर कशी सोडवायची, हे चित्रांसह लिहिलेलं लॅमिनेट केलेलं कार्ड चेअरच्या हाताला बांधलेलं असतं. तरी एका प्रवासात आर्मरेस्ट धरूनच उचलली गेली आणि बिजागरी वाकली. सोपवण्यापूर्वीचे फोटो होते, म्हणून विमानतळ सोडण्याआधीच लेखी नोंद करून घेता आली. तक्रारीला सातच दिवस असतात. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाच्या माँट्रियल करारानुसार सामानाची भरपाई २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआरपर्यंतच (एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) मिळते, त्यामुळे चेअर महाग असेल तर चेक-इनलाच जादा किमतीची विशेष घोषणा करा.

सगळ्यात जास्त त्रास कनेक्टिंग फ्लाइटला. चेअर दाराशी परत द्या म्हणून सांगूनही ती थेट शेवटच्या मुक्कामी जाते, आणि मधले तास विमानतळाच्या ढकलखुर्चीत काढावे लागतात. कुणी ढकलल्याशिवाय बाथरूमलाही जाता येत नाही. हे मला अजिबात मान्य नाही. म्हणून आता मधला थांबा मोठा घेते आणि 'दाराशी परत' हा टॅग लागल्याशिवाय चेअर सोडत नाही.

खडबडीत दगडी रस्त्यांवर पुढची छोटी चाकं अडकतात, तेवढी खोट आहे. तरीही हीच पुन्हा घेईन. घेताना चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय ना ते बघा. माझ्या चार्जरवर आहे, त्यामुळे नुसता प्लग-अ‍ॅडॉप्टर पुरतो.