12 व्होल्टवर 1000 केव्ही? डब्यात निघाला फरशीचा तुकडा

12 व्होल्टवर 1000 केव्हीची, म्हणजे दहा लाख व्होल्टची, ठिणगी काढणारा म्हणून एक किट ऑनलाइन मागवला आणि एकूण 7,249 रुपये गेले. 3,850 किटचे, 2,400 तो चालवायच्या 'दमदार' पॉवर सप्लायचे आणि 999 कुरिअरच्या 'परत मिळणाऱ्या' डिपॉझिटचे. आधी ॲडव्हान्स, मग अजून थोडे, मग डिपॉझिट ही चाल सगळ्यांना ठाऊक आहे. मलाही होती.

"12 व्होल्टवर ठिणगी कशी निघेल?" म्हणून जे माझ्यावर हसताहेत त्यांनी आपल्या गाडीचं बॉनेट उघडून बघावं. इग्निशन कॉइल त्याच 12 व्होल्टच्या बॅटरीवर वीसेक हजार व्होल्ट काढते. जुन्या टीव्हीचा ईएचटी (पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्ट पुरवणारा ट्रान्सफॉर्मर) आणि त्याला चालवणारं दोन मॉसफेटचं, म्हणजे दोन इलेक्ट्रॉनिक स्विचचं, झेडव्हीएस सर्किट जोडलं की तेच टेबलावर होतं. म्हणजे मी काही अशक्य मागत नव्हतो. पण पिक्चर ट्यूबचे टीव्ही भंगारात गेले आणि चांगला ईएचटी आता इंदूरच्या महाराणी रोडच्या बाजारातही पटकन सापडत नाही. म्हणून एका ग्रुपवर 'टेस्ट केलेला तयार किट' दिसला तेव्हा विचारलं.

माणूस मराठी. "काका, इंदूरचे का? आमची मावशी रामबागेत असते." दिवसभर हिंदीत व्यवहार करणाऱ्याशी फोनवर कुणी असं अघळपघळ मराठी बोललं की मन सैल पडतंच, आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

आता तो व्हिडिओ. काळा डबा, त्यावर '1000 केव्ही'चं स्टिकर, शेजारी लॅब सप्लाय आणि वर हातभर जांभळ्या ठिणग्या. सप्लायवर दोन आकडे स्पष्ट दिसत होते: 12.0 व्होल्ट आणि 0.02 अँपिअर. गुणाकार करा. पाव वॉटसुद्धा नाही! तेवढ्यात देवघरातला झीरोचा बल्ब लागत नाही आणि इथे हातभर वीज नाचतेय. खरा झेडव्हीएस चार-पाच अँपिअर सहज ओढतो. ठिणगी दुसऱ्याच कशावर तरी चालली होती, टेबलावरचा कपडा उगाच नव्हता टाकलेला. मी विचारलंही. तो म्हणाला, "काका, तो मीटर खराब आहे." माझ्या स्वतःच्या सप्लायचा मीटर वर्षभर अडकलेला आहे, मग त्याचा का नसावा? खोटं बोलावं तर असं, समोरच्याच्या घरातलं वाटेल असं.

व्होल्ट विचारू नका, अँपिअर विचारा.

पार्सल चांगलं जड होतं. जोडल्यावर सेंटीमीटरभर ठिणगी आली, काही सेकंद तडतडली, जळका वास आला, संपलं. फोन केला तर "तुमचा सप्लाय कमी पडतोय", म्हणून 2,400. तो सप्लाय कुरिअरमध्ये 'अडकला', म्हणून 999. तो आजतागायत आलेला नाही. मग मी आवाज चढवला, तर सल्ला काय? "मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर घ्या, सरळ घरच्या प्लगला लावा." त्यातून दोनेक हजार व्होल्ट निघतात, तेही माणूस जागच्या जागी मरेल एवढ्या करंटसह. पैसे गेले ते गेले, हा जीवही घ्यायला निघाला होता!

डबा हॅक्सॉने कापला. आत एपॉक्सी, एपॉक्सीत बोटभर लांबीचं ते स्वस्तातलं मॉड्यूल, जे चार-सहा व्होल्टवर चालतं आणि 12 व्होल्टवर जळतं. वजनाला फरशीचा तुकडा. कोरड्या हवेत दोन गुळगुळीत गोळ्यांमध्ये सेंटीमीटरला साधारण 30 केव्ही लागतात, टोकदार तारांमध्ये त्याहून बरेच कमी. खरे 1000 केव्ही असते तर गोळ्यांमध्येसुद्धा फूटभर उडी पडली असती. एपॉक्सीत बुजवलेला माल घेऊच नका.

पोलीस ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न, "भिया, ये करंट का काम लाइसेंस से करते हो?" फिर्यादी मी, चौकशी माझी! शेजारच्या टेबलावर पाठवलं. तिथे म्हणाले, माल मिळाला म्हणजे फसवणूक नाही, ग्राहक तक्रार करा. कापलेला डबा पुढे ठेवला, तर "ये इधर से हटाओ." बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकला. ग्राहक तक्रारीला 5 लाखांपर्यंत फी नाही हे खरं, पण समोरच्याचा पत्ता हवा. पत्ता कुरिअरच्या पावतीवरचा, आणि तोही खोटा. पत्ता शोधणं पोलिसांचं काम, आणि पोलीस म्हणतात ग्राहक तक्रार करा. फिरा गोल गोल. वरून "सात हजार ही तो हैं." सात नाही, 7,249!

पैसे जाताक्षणी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, माल यायची वाट बघत बसू नका. डबा उघडताना व्हिडिओ घ्या. बिल आणि जीएसटी नंबर नसेल तर एक रुपयाही आधी देऊ नका, मावशी कुठेही राहत असो.

त्याची जाहिरात अजून चालू आहे. व्हिडिओ तोच, फक्त मीटरचा भाग कापलाय. याच किटवर कुणाचे पैसे गेले असतील तर पेमेंटचे स्क्रीनशॉट आणि कुरिअरची पावती जपून ठेवा आणि मला कळवा. चार-पाच तक्रारी एकत्र नेल्या तर ठाण्यात निदान बसायला तरी सांगतील.