शोनंतरच्या टेबलावर कुठलं पुस्तक ठेवाल?

पडदा पडतो आणि दहा मिनिटांनी जादूगार स्वतःचं पुस्तक विकायला फोयरमधल्या टेबलामागे येऊन उभा राहतो. मघाशी हाच माणूस रिकाम्या लोट्यातून पुन्हा पुन्हा पाणी ओतत होता. आता तो पाचशेच्या नोटेला सुट्टे शोधतोय, नाहीतर क्यूआर कोडचा फलक सरळ करतोय. समोर आलेल्या बाईंच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं : अरे, हा तर आपल्यासारखाच! पुस्तकविक्रीची निम्मी अडचण इथेच आहे. बाकीची निम्मी पुस्तक चुकीचं निवडल्यामुळे होते, आणि ती आपल्या हातात आहे.

नवीन मुलं फोन करून विचारतात, ‘सर, शोनंतर पुस्तक ठेवायचंय. शिकवणारं छापू की अनुभवांचं?’ मी उलट विचारतो, तू रंगमंचावर बोलतोस किती? त्यांना वाटतं मी विषय बदलतोय. पण ज्या शैलीनं लोक तुमच्यावर खूष झाले, तीच त्यांना घरी न्यायची असते. शैली आणि पुस्तक यांचं जमलं नाही, तर पहिली प्रत खपते आणि दुसऱ्या वर्षी त्याच गावात तोंड लपवायची वेळ येते.

‘शिका जादू’ छापाचं पुस्तक सगळ्यात झटपट जातं, यात वाद नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा सोसायटीच्या गणपतीत पोरं आईबापांचा हात ओढत टेबलापाशी आणतात. पण गिऱ्हाईक उभ्या उभ्या काय करतं ते मी पाहिलंय. एक गृहस्थ आले, अनुक्रमणिका उघडली, दोरी कापून पुन्हा अखंड करण्याचा प्रयोग कुठल्या पानावर ते बघितलं, त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला, पुस्तक नीट मिटून गठ्ठ्यावर ठेवलं आणि ‘छान आहे हं’ म्हणून गेले. मग मी प्रती प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवायला लागलो. त्यावर दुसऱ्या गावात एकांचं भांडण : ‘आत काय आहे ते न दाखवता पैसे कसे घेता?’ त्यांचंही बरोबरच होतं.

खरा दणका पुढच्या वर्षी बसला. त्याच शाळेत दोरी कापायला कात्री उचलली आणि तिसऱ्या रांगेतून एक मुलगी खणखणीत आवाजात ओरडली, ‘मधली कापत नाहीयेत, तो वेगळा तुकडा आहे!’ अख्खा हॉल हसला. मीही हसलो, दुसरं करणार काय! तिच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. तिनं पुस्तक मनापासून वाचलं होतं, आणि ते मीच विकलं होतं.

या धंद्यातल्या थोरामोठ्यांनीही रहस्यं विकून पाहिलीत. हुडिनीचे सुरुवातीचे दिवस हलाखीचे होते. 1898 च्या सुमारास त्यानं जादूची शाळा काढून विकायच्या प्रयोगांचा कॅटलॉग छापला. फार कोणी विचारलं नाही. पुढे तो मोठा झाला तो बेड्या आणि कुलपांतून सुटून दाखवल्यामुळे. याउलट फ्रान्सचा रोबेर-उदँ. मूळचा घड्याळजी. जादूगाराचा झगा टाकून साध्या संध्याकाळच्या पोशाखात प्रयोग करण्यासाठी त्याचं नाव घेतलं जातं. 1845 मध्ये त्यानं पॅरिसला स्वतःचं छोटं नाट्यगृह सुरू केलं. हस्तलाघवाची रहस्यं समजावणारं त्याचं मोठं पुस्तक आलं 1868 मध्ये, म्हणजे रंगमंच सोडून बरीच वर्षं झाल्यावर. ज्याला उद्या पुन्हा तोच खेळ करायचा नाही, त्याला रहस्य विकणं परवडतं. तुम्हाला उद्या बार्शीत शो आहे.

तरी शिकवणारंच छापायचं असेल, तर स्वतःच्या शोमधला एकही प्रयोग त्यात घालू नका. एकवीस पत्त्यांचा खेळ, नऊच्या पाढ्यातल्या गमती, काडेपेटी आणि नाण्याचे प्रयोग, असं घरच्या घरी जमणारं द्या. तुम्ही मुलांच्या वाढदिवसांचे शो करत असाल, मुलांना वर बोलावून त्यांच्या हातून जादू करवून घ्यायची तुमची पद्धत असेल, तर हे पुस्तक तुमचंच आहे. तिथे मूल ‘मलाही जमलं’ एवढंच घेऊन घरी जातं, आणि पुस्तकही तेच देतं.

अनुभवांच्या पुस्तकाचं गणित वेगळं. ते हळू जातं. पोरं त्याकडे ढुंकून बघत नाहीत, घेणारी माणसं पन्नाशीच्या पुढची. सही मात्र हमखास मागतात, आणि सही करताना दोन मिनिटं बोलतात. पण या पुस्तकाची मुळं खोल जातात. रोबेर-उदँच्या आठवणी 1858 मध्ये प्रसिद्ध झाल्या. तो 1871 मध्ये गेला. त्यानंतर तीन वर्षांनी बुडापेस्टला जन्मलेल्या एका मुलानं पुढे अमेरिकेत ते पुस्तक वाचलं आणि त्यातल्या उदँच्या ‘Houdin’ या स्पेलिंगला शेवटी एक ‘i’ जोडून स्वतःचं नाव घेतलं : हुडिनी. ज्याचा एकही प्रयोग त्यानं पाहिला नव्हता, त्या माणसाचा तो निव्वळ पुस्तकामुळे भक्त झाला. (भक्ताचं पुढे काय झालं तेही ऐका. 1908 मध्ये त्याच हुडिनीनं गुरूचं पितळ उघडं पाडायला एक अख्खं पुस्तक लिहिलं. चाहते जपून करा!)

आपल्याकडे पुण्याचे जादूगार रघुवीर भोपळे यांनी ‘प्रवासी जादूगार’ लिहिलं. शीर्षकातच बघा, जादूच्या आधी प्रवास आहे. रहस्य न फोडताही जादूगाराकडे सांगण्यासारखं किती असतं! कस्टममध्ये उघडायला लावलेल्या पेट्या, कबुतरांना घर द्यायला तयार नसलेली लॉजं, वीज गेल्यावर कंदिलावर रेटलेला शो, बिदागी बुडवणारे संयोजक.

हे पुस्तक शोभतं बोलक्या जादूगाराला. तुमचा हात जेवढा चालतो तेवढीच जीभ चालत असेल, लोक कोपरखळ्यांवर हसत असतील, तर वाचताना त्यांच्या कानात तुमचाच आवाज घुमतो. संगीतावर, मुक्यानं प्रयोग करणाऱ्यानं मात्र दोनदा विचार करावा. त्याचा आवाज लोकांनी ऐकलेलाच नाही, मग पानावर तो कुणाचा ऐकू येणार? आणि एक कळकळीची विनंती : मंत्र्यांकडून शाल-श्रीफळ घेतानाचे चाळीस फोटो म्हणजे आत्मचरित्र नव्हे.

भव्य शो करणाऱ्यांची गोष्ट थोडक्यात आटोपते, कारण तेवढं भांडवल असणारे आता फार उरले नाहीत. बंगालचे जादूगार पी. सी. सरकार हे महाराजांच्या पोशाखात, नेपथ्य आणि लवाजम्यासह ‘इंद्रजाल’ हा शो करायचे. एप्रिल 1956 मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरामा’ कार्यक्रमात त्यांनी करवतीनं मुलगी कापली, ती उठायच्या आत कार्यक्रम संपला, आणि घाबरलेल्या प्रेक्षकांनी बीबीसीचे फोन जाम केले. हे कसं केलं, हा त्यांचा प्रश्न नव्हता. मुलगी जिवंत आहे ना, एवढंच त्यांना हवं होतं. अशा प्रेक्षकाला रहस्यही नको आणि तुमचं बालपणही नको. त्याला डोळ्यांनी पाहिलेलं घरी न्यायचंय. त्याला रंगीत फोटोंची सोळा पानी पुस्तिका द्या, थोडा इतिहास, थोडी फुशारकी. हुडिनी नाट्यगृहांतून अशीच स्वतःच्या पराक्रमांची स्वस्त पुस्तिका विकायचा. वाचनीय असण्याची तिच्यावर सक्तीच नसते.

मनातलं ओळखण्याचे प्रयोग करणाऱ्यांसाठी मात्र माझा सल्ला कडक आहे. ‘मनाची अफाट शक्ती’ वगैरे पुस्तक अजिबात ठेवू नका. खपेल, धडाक्यात खपेल, आणि तीच भीती आहे. माझ्या ओळखीच्या एकानं ठेवलं होतं. रात्री अकराला फोन : ‘सर, सुनेची सोन्याची चेन हरवलीय, कुठे आहे सांगा ना.’ रंगमंचावर ‘हा मनोरंजनाचा खेळ आहे’ असं त्यानं सांगितलं होतं; पुस्तकानं ते वाक्य पुसून टाकलं. महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं, लुबाडणं हा त्याखाली गुन्हा ठरतो. खेळ आणि दावा यांच्यातली रेघ पुस्तकात फार चटकन पुसट होते.

याच्या अगदी उलट टोकाला अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते. ते चमत्कार सादरीकरण करतात : जिभेवर पेटता कापूर ठेवतात आणि लगेच त्यामागचं कारणही सांगतात. त्यांच्या टेबलावर रहस्य सांगणारी पुस्तिका असली तर ती शोचाच पुढचा भाग वाटते. आमच्या टेबलावर तीच पुस्तिका फितुरी ठरते. खेळ तोच, कापूर तोच.

आता थोडं व्यवहाराचं. टेबलामागे स्वतः उभे राहू नका. बायको, भाऊ, मदतनीस, कुणालाही बसवा. तुम्ही शेजारी फक्त सहीपुरते, आणि कोट अंगावरच ठेवा. घोषणा शेवटच्या प्रयोगाच्या आधी करा, नंतर नको. टाळ्या थांबल्या की लोकांना पार्किंग आठवतं. किंमत शंभर किंवा दोनशे अशी गोल असू द्या. फोयरमध्ये टेबल लावायचे काही सभागृहं वेगळे पैसे मागतात, ते बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या. शाळेत मुलांच्या हातून पैसे घेऊ नका. मुख्याध्यापकांकडून ग्रंथालयासाठी दोन-चार प्रतींची ऑर्डर मिळते का बघा. पुस्तकासोबत जादूची पेटी विकायचा मोह होतो, पण छापील पुस्तकावर जीएसटी नाही आणि पेटीवर आहे. एका बिलात दोन्ही कोंबलं की हिशेबनीस वैतागतो.

पहिल्या खेपेला दोनशेच प्रती काढा. डिजिटल छपाईत प्रत महाग पडते खरी, पण माळा रिकामा राहतो. मी ऑफसेटचा दर बघून भुललो आणि ‘शिका जादू’च्या हजार छापल्या. चार गठ्ठे अजून वर आहेत. शाळेच्या शोला निघताना ते मी गाडीत घालत नाही. दोरीचा प्रयोग अजून माझ्या शोमध्ये आहे.