ओप्पो २०५, ओप्पो १०५ की सरळ नवा प्लेअर?

"ओप्पो? म्हणजे ते फोनवाले ना?" माझ्याकडचा प्लेअर बघून घरी येणारा दर दुसरा माणूस हेच विचारतो. नाव तेच, पण हे बिऱ्हाड वेगळं होतं. ओप्पो डिजिटल ही कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कची छोटी कंपनी. डिस्क प्लेअर हा तिचा मुख्य धंदा. २ एप्रिल २०१८ ला तिने जाहीर केलं की आता नवीन उत्पादनं काढणार नाही. एक दिवस आधी ऐकलं असतं तर मी ते एप्रिल फूल समजून सोडून दिलं असतं. पुढे झालं असं की १,२९९ डॉलरला मिळणारा यूडीपी-२०५ वापरलेला असूनही मूळ किमतीच्या वर विकला जाऊ लागला.

गेल्या काही महिन्यांत तिघांनी मला जवळजवळ एकच प्रश्न विचारला: अमेरिकेतून नातेवाईक येतोय, जुना ओप्पो मागवू का? कोणता? की पैसे टाकून नवाच घेऊ? प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो. माझ्याकडे ओप्पोचे १०५ आणि २०३ हे दोन्ही प्लेअर आहेत. डोंबिवलीच्या मित्राकडे पॅनासॉनिक यूबी९००० आहे, आणि त्याचा एक रविवार मी याच कामासाठी खाल्ला आहे.

माझं मत आधीच सांगतो. सिनेमासाठी जुना ओप्पो शोधत असाल तर नका शोधू. गाण्यांसाठी शोधत असाल तर जरूर शोधा, पण २०५ च्या मागे लागण्याआधी १०५ ऐकून घ्या.

आधी कपाट उघडा

कोणतं यंत्र घ्यायचं हे यंत्रावर ठरत नाही, आपल्याकडे कोणत्या डिस्क आहेत त्यावर ठरतं. सीडी १९८२ मध्ये बाजारात आली, एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी, सीडीपेक्षा बारीक आवाजाची गाण्याची डिस्क) १९९९ मध्ये. दोन्हींचे नियम तेव्हाच पक्के झाले. आज छापलेली सीडी चाळीस वर्षांपूर्वीच्या प्लेअरवरही वाजते. त्यामुळे गाण्याचं यंत्र मरतं ते फक्त शरीराने: लेन्स थकते, कपॅसिटर फुगतो, ट्रे अडतो.

सिनेमाच्या डिस्कचं तसं नाही. ब्लू-रे आणि यूएचडी (४के चित्राची ब्लू-रे) डिस्कवर कुलूप असतं, त्याच्या किल्ल्या वेळोवेळी बदलतात, आणि नवी डिस्क प्लेअरकडे नवं फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) मागू शकते. ते देणारी कंपनीच आवराआवर करून बसली असेल, तर एखाद्या दिवशी यंत्र ठणठणीत असूनही नवा सिनेमा लागत नाही. म्हणून चित्रासाठी बंद पडलेल्या कंपनीचं यंत्र घेणं मला पटत नाही, ते कितीही देखणं असो.

चित्र

१०५ आणि त्याचा धाकटा भाऊ १०३ हे २०१२ चे. ते यूएचडी डिस्क वाचतच नाहीत. साधी ब्लू-रे ४के पर्यंत चढवून दाखवतात, आणि ते काम चोख करतात, पण तेवढंच. २०३ आणि २०५ यूएचडी वाचतात. २०१७ मध्ये फर्मवेअरमधून त्यांना डॉल्बी व्हिजन (चित्रातला उजेड-अंधार प्रसंगागणिक सांभाळणारी पद्धत) मिळालं. पॅनासॉनिक यूबी९००० आणि त्याचा स्वस्त भाऊ यूबी८२० यांच्यात डॉल्बी व्हिजन आणि तशीच दुसरी पद्धत एचडीआर१० प्लस, दोन्ही आहेत.

त्या रविवारी आम्ही २०३ आणि पॅनासॉनिक एकाच टीव्हीला जोडले. डॉल्बी व्हिजनच्या डिस्कवर आम्हा दोघांनाही फरक सांगता आला नाही. वहिनींनाही नाही, आणि त्यांची नजर आमच्यापेक्षा तीक्ष्ण आहे. मग त्याने प्रोजेक्टर सुरू केला आणि तिथे चित्र पालटलं. प्रोजेक्टरचा उजेड टीव्हीपेक्षा फार कमी. पॅनासॉनिक त्या हिशेबाने चित्राचा झगमगाट आतल्या आत बसवून घेतो. रात्रीच्या प्रसंगात मागच्या भिंतीवरचा कोट २०३ वर काळ्या डागासारखा दिसत होता, पॅनासॉनिकवर त्याच्या घड्या दिसल्या. घरी प्रोजेक्टर असेल तर हा भाग इथेच संपला असं समजा.

पॅनासॉनिकची खोट एकच, पण मोठी. तो एसएसीडी वाजवत नाही.

सोनीचा यूबीपी-एक्स८००एम२ एसएसीडी वाजवतो आणि किमतीलाही बरा आहे. पण त्याला अॅनालॉग आउटपुटच नाही, म्हणजे आवाजाची सगळी मदार रिसीव्हरवर (स्पीकर चालवणाऱ्या अॅम्प्लिफायरवर). शिवाय डॉल्बी व्हिजन डिस्कगणिक हाताने चालू-बंद करत बसायचं. मला तो वैताग झेपत नाही. मॅग्नेटारचे यूडीपी८०० आणि यूडीपी९०० हे ओप्पोच्या रिकाम्या गादीवर बसायला आलेले गडी. एसएसीडी, डॉल्बी व्हिजन, एचडीआर१० प्लस, सगळं एका पेटीत. मी ते घरी आणून ऐकलेले नाहीत, त्यामुळे आवाजाबद्दल बोलत नाही. पण एकच यंत्र हवं, जुनं नको आणि खिसा जड आहे, असं असेल तर पहिली चौकशी तिथे करा.

आवाज

१०५ मध्ये ईएस९०१८ या डॅक चिपची (डिजिटलचं अॅनालॉग करणाऱ्या चिपची) जोडी आहे, २०५ मध्ये ईएस९०३८प्रो ची. दोघांनाही एक्सएलआर (बॅलन्स्ड अॅनालॉग) आउटपुट आहे, हेडफोन थेट लावता येतो, आणि संगणकाला जोडून नुसता डॅक म्हणूनही वापरता येतो. कागदावर २०५ पुढे आहे. माझ्या खोलीत, माझ्या स्पीकरवर, मित्राने उसना आणलेला २०५ आणि माझा १०५ आवाजाची पातळी जुळवून ऐकले, तेव्हा फरक होता पण पुसट. तानपुऱ्याच्या जव्हारीची गुंज २०५ वर किंचित जास्त वेळ कानात राहिली. तेवढ्यासाठी दुप्पट पैसे मी मोजणार नाही. तुम्ही मोजाल तर हसणारही नाही.

आता एक गोष्ट, जी विकणारा सांगत नाही. प्लेअर ते रिसीव्हर ही जोडणी एचडीएमआयने केलीत, तर डिजिटलचं अॅनालॉग करण्याचं काम रिसीव्हर करतो. म्हणजे २०५ मधल्या त्या महागड्या चिप झोपून राहतात. अशा घरात २०३ पुरतो: चित्र तेच, डिस्क त्याच, मूळ किंमत ५४९ डॉलर. २०५ ला अर्थ येतो तो अॅनालॉग तारा थेट अॅम्प्लिफायरला गेल्यावरच.

महाग पेटी म्हणजे चांगलं यंत्र, हा गैरसमज याच ओप्पोने एकदा उघडा पाडला होता. २०१० मध्ये लेक्सिकॉनचा बीडी-३० हा साडेतीन हजार डॉलरचा प्लेअर आला. परीक्षण करणाऱ्यांनी झाकण उघडलं तर आत ५०० डॉलरचा ओप्पो बीडीपी-८३, तोही त्याच्या स्वतःच्या चासीसकट! बाहेर नुसता जाड अॅल्युमिनियमचा अंगरखा.

१०३ आणि १०५ ची मागणी टिकून आहे त्याला आणखी एक कारण आहे. एसएसीडीचा मूळ डेटा साध्या संगणकाच्या ड्राइव्हला दिसतच नाही. आधी सुरुवातीच्या प्लेस्टेशन ३ मधून तो बाहेर काढण्याची वाट हौशी लोकांना सापडली. नंतर कळलं की १०३-१०५ मधल्या मीडियाटेक चिपच्या कुटुंबातही तशी फट आहे. २०३ आणि २०५ मध्ये ती नाही. पुन्हा कधीच न छापल्या जाणाऱ्या डिस्क ज्यांच्याकडे आहेत, त्यांना जुनं यंत्र नव्यापेक्षा का प्यारं वाटतं ते यावरून कळेल. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात अशी डिजिटल कुलपं तोडण्याबद्दलचं कलम ६५-अ आलं आहे, ते वाचून आपापलं ठरवा.

मोड करावं का?

मोड म्हणजे यंत्राच्या आत केलेले फेरफार. ओप्पोवर जितके प्रयोग झाले तितके फार थोड्या प्लेअरवर झाले असतील. २०३ मधला स्विचिंग पॉवर सप्लाय काढून लिनियर बसवतात. ऑप-अॅम्प (आवाजाचा सिग्नल हाताळणारी छोटी चिप) बदलतात. आउटपुटला चक्क व्हॉल्व्ह लावून देणारेही आहेत. एसएसीडीचा डिजिटल सिग्नल कोअॅक्सिअल या डिजिटल आउटपुटवर यायला परवानगी नाही, म्हणून तो एचडीएमआयच्या अलीकडेच पकडून बाहेरच्या डॅककडे नेणारा बोर्ड मिळतो. यातला हा शेवटचा प्रकार मला पटतो, कारण त्याने यंत्राला पूर्वी न येणारं काम येतं. ऑप-अॅम्प बदलून आवाज 'उघडतो' वगैरे ऐकलं की मी चहा मागवतो.

वापरलेला मोड केलेला प्लेअर घेताना माझा नियम साधा आहे: काढलेले मूळ भाग पिशवीत घालून देणार असाल तर बोलू. नसतील तर किंमत मोडशिवायच्या यंत्रापेक्षा कमी. त्या मोडसाठी विकणाऱ्याने किती पैसे ओतले हा त्याचा प्रश्न.

रीजनचा (डिस्क कोणत्या देशातल्या प्लेअरवर चालेल या बंधनाचा) बदल मात्र आपल्याला खरोखर लागू शकतो. ब्लू-रेसाठी अमेरिका 'ए' मध्ये, भारत 'सी' मध्ये. डीव्हीडीसाठी अमेरिका १, आपण ५. यूएचडी डिस्कला रीजनची भानगडच नाही. अमेरिकेतून आलेल्या प्लेअरमध्ये इथे घेतलेली रीजन ५ ची डीव्हीडी घातली आणि पडद्यावर नकार आला, तर यंत्र बिघडलं म्हणून घाबरू नका.

घेताना काय तपासायचं

इथे घाई करू नका. माझी स्वतःची चूक सांगतो. पहिला १०३ मी एका विकणाऱ्याच्या घरी जाऊन घेतला. त्याने ब्लू-रे लावली, चित्र झकास, पैसे दिले. घरी आलो आणि सीडी लावली तर 'नो डिस्क'. त्याला फोन केला तर म्हणाला, अहो, तुमच्यासमोर चालला की!

तो खोटं बोलत नव्हता. या यंत्रात एका डोळ्यात तीन वेगळे किरण असतात: ब्लू-रेसाठी ४०५ नॅनोमीटरचा निळसर-जांभळा, डीव्हीडी आणि एसएसीडीसाठी ६५० चा लाल, सीडीसाठी ७८० चा, जो आपल्याला जवळजवळ दिसतच नाही. एक थकला तरी बाकीचे दोन तरुण असू शकतात. तेव्हापासून मी पिशवीत पाच डिस्क नेतो. एक ७० मिनिटांच्या वरची सीडी, आणि तिचं शेवटचं गाणं आधी लावायचं, कारण सीडी आतून बाहेर वाचली जाते आणि पिकअपची खोड बऱ्याचदा कडेला कळते. एक हायब्रिड एसएसीडी (एक थर सीडीचा, एक एसएसीडीचा), दोन्ही थर लावून. एक डीव्हीडी. यूएचडी यंत्र असेल तर तीन थरांची १०० जीबीची डिस्क, थर बदलतो तिथपर्यंत. अडखळायचं असेल तर तिथेच अडखळतं. आणि पाचवी घरी रेकॉर्ड केलेली सीडी-आर. माझी १९९९ सालच्या एका खाजगी बैठकीची आहे, वर मार्करने 'मारवा, अपूर्ण' एवढंच लिहिलेलं. सीडी-आर छापील सीडीपेक्षा कमी प्रकाश परत पाठवते, त्यामुळे थकलेला लेझर पहिला तिथेच हात टेकतो. तुमच्याकडे अशा बैठकांच्या सीडी असतील, आणि पन्नाशीच्या पुढच्या कोणत्या मराठी रसिकाकडे नसतात, तर हीच कसोटी सगळ्यात महत्त्वाची.

मग मागची बाजू बघा. १०५ आणि २०५ मध्ये ट्रान्सफॉर्मर असल्यामुळे व्होल्टेज निवडायचा स्विच असतो. माझा १०५ आतेभावाने कपड्यांत गुंडाळून आणला (आठ किलोला थोडं कमी, २०५ दहा किलोचा), तो ११५ वर होता. आत्याने सॉकेटपर्यंत वायर नेलीसुद्धा होती. २०३ ला हा त्रास नाही, तो १०० ते २४० मध्ये कुठेही चालतो.

टिकवताना

१०५ मध्ये पंखा नाही, सगळी उष्णता पत्र्यातून बाहेर जाते. त्यावर सेट-टॉप बॉक्स ठेवलेला मी पाहिला आहे, आणि विणलेला रुमालही. कपॅसिटरचं साधं गणित असं की तापमान १० अंशांनी उतरलं तर आयुष्य साधारण दुप्पट होतं. वर चार बोटं मोकळी जागा ठेवणं हा सगळ्यात स्वस्त मोड.

एचडीएमआयची वायर यंत्र चालू असताना काढू-घालू नका, आणि वळवाच्या विजा कडकडायला लागल्या की प्लगच काढा. एचडीएमआयचा बोर्ड गेला तर दुसरा मिळवताना नाकीनऊ येतात. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तासभर यंत्र चालवा, नुसतं झाकून ठेवलं तर आत दमट हवा बसते. ब्रशवाली लेन्स-क्लीनर डिस्क घालू नका. ट्रे कुंथत बाहेर येत असेल तर ओढू नका, बहुतेक वेळा दोष रबरी पट्ट्याचा असतो आणि तो काही रुपयांत बदलतो. तुमच्या मॉडेलचं शेवटचं फर्मवेअर पेनड्राइव्हवर आणि दुसऱ्या एका जागी उतरवून ठेवा. रिमोटही जपा.

त्या तिघांपैकी पहिल्याकडे प्रोजेक्टर आणि शंभरएक यूएचडी आहेत, एसएसीडी एकही नाही. त्याला यूबी९००० घ्यायला सांगितलं. दुसऱ्याचं सगळं एचडीएमआयने रिसीव्हरला जातं. त्याला २०५ चा नाद सोडून २०३ बघ म्हटलं, तोही १०० जीबीची कसोटी पास झाला तरच. तिसरे आमचे काका. त्यांच्याकडे दोन टीपॉय भरून सीडी-आर आणि चाळीसेक एसएसीडी आहेत, टीव्हीवर ते फक्त बातम्या बघतात. त्यांच्यासाठी १०५ शोधतोय. मिळाला की पाच डिस्कची पिशवी घेऊन मीच जाणार आहे.